चौदा एप्रिलचा रकाना

कुमुदताई,

तुम्ही गेल्याच्या सोळाव्या दिवशी बनगावहून सपनबाबूंचा फोन आला. आधी ते रडले. मग नाक ओढून म्हणाले, "पुढच्या वर्षीचा तक्ता आता कोण करणार? तुम्हीच ना?" सीमेवर माल सोडवून देणाऱ्या एजंटाने दुसरं काय विचारायचं? तरी मला राग आला. त्यांचा नाही, तुमचा. तक्ता तुम्ही माझ्या हाती कधी सोपवला नाहीत. फक्त तपासायला देत होतात. आणि तपासणारीनेच चूक केली तर पुढे काय, हे आपण चार वर्षांत एकदाही बोललो नाही.

गेल्या रविवारी कोलकात्याच्या आपल्या मराठी मंडळाने तुमची शोकसभा घेतली. तिघांनी तुम्हाला दोन देशांमधला पूल म्हटलं. बनगावजवळ पेट्रापोलच्या सीमेवर पूल नाही, फाटक आहे, हे त्यांना कोणी सांगायचं? एकाने सांगितलं की तुम्ही आकड्यांत चोख होतात. ताई, तुम्ही आकड्यांत अजिबात चोख नव्हतात. कोलकात्याहून आगरतळ्याला आपल्याच हद्दीतून, सिलीगुडीला वळसा घालून जायचं तर साधारण सोळाशे किलोमीटर होतात. तुम्ही खुशाल 'दीड-दोन हजार' म्हणून मोकळ्या व्हायचात. मधून बांगलादेशातून गेलं तर साधारण पाचशे, त्याचे तुम्ही 'तीन-चारशे' करायचात. मी दर वेळी दुरुस्त करायचे आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "अगं, मुद्दा तोच राहतो ना?"

मुद्दा तोच राहतो. पण बनगावच्या एजंटांमध्ये एक चूक अजून तुमच्या नावावर आहे, आणि ती माझी आहे. शोकसभेत मी ते बोलले नाही. मला दोन मिनिटं दिली होती. त्यात मी तुमच्या भरल्या वांग्यांविषयी बोलले.

मंडळाच्या अंकात हे वाचणाऱ्या ज्यांना हा तक्ता म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. बदलीवर इथे आलेल्या प्रत्येक मराठी घराला पहिल्याच वर्षी एक धक्का बसतो. गणपतीला सुट्टी नाही. गुढीपाडव्याला नाही. आणि दुर्गापूजेत चार-पाच दिवस सगळं शहर बंद, तेव्हा घरात बसून करायचं काय ते कळत नाही. म्हणून तुम्ही दरवर्षी मंडळासाठी एक पानी तक्ता करायचात. डावीकडे आपले सण, उजवीकडे इथल्या सुट्ट्या, मधे एक रकाना, 'रजा टाकावी / टाकू नये'. मी गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयात सांख्यिकी शाखेत रुजू झाले त्या वर्षी तो तक्ता माझ्या हाती आला. त्यात दोन वार चुकले होते. मी फोन करून सांगितलं.

"कोण बोलतंय?"

"मीनल. नवीन आलोय आम्ही. तुमचा नऊ तारखेचा वार चुकलाय."

"अरे बाबा! एवढं कोण बघतं?"

"मी बघितलं."

"मग पुढच्या वर्षीपासून तूच बघ."

इतकीच आपली ओळख. त्यानंतर एकोणीस वर्षं तुम्ही तक्ता केलात आणि मी तपासला.

तुम्ही हावड्याच्या कॉलेजात आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलंत. शेजारी देश एकमेकांच्या जवळ कसे येतात, त्याची शिडी तुम्ही फळ्यावर काढायचात. खाली मुक्त व्यापार, वर समान जकात, त्यावर सामायिक बाजार, अगदी टोकाला एक चलन. निवृत्तीनंतर एकदा म्हणालात की शिडी खूप काढली, आता ती जिथे टेकते ती जमीन बघायची आहे. म्हणून आपण दोघी बनगावला गेलो. शिरीषाच्या जुन्या झाडांखालून जाणाऱ्या त्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती. मी सवयीने मोजायला लागले. दोनशे अकरापर्यंत मोजून सोडून दिलं, कारण रांग वळणाआड गेली. तेवढ्यात तुम्ही एका ट्रकपाशी जाऊन उभ्या राहिलात. त्याच्या नंबरपाटीवर एम एच पंधरा होतं.

"काय हो, नाशिकचे का?"

ड्रायव्हर दचकलाच. "सिन्नर. तुम्ही मराठी?"

"मराठीच. इथलीच. काय भरलंय?"

"द्राक्षं."

"किती दिवस झाले उभे?"

"आज सहावा, मावशी. परवा तिकडची सुट्टी, काल इकडची काहीतरी, आज म्हणतात नंबर पुढच्यांचा. घरून निघताना कुणी सांगितलं असतं तर दोन दिवस उशिरा भरला असता माल. वेलीवर तरी राहिला असता."

तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. हरवलेली किल्ली पदराच्या टोकालाच सापडावी तसा. "मीनल, अगं, हा तर आपला रजेचा तक्ता!"

मला तेव्हा हसू आलं होतं. दोन देशांमधल्या व्यापाराचा प्रश्न आणि त्यावर मंडळाचा तक्ता. पण तुमचं म्हणणं साधं होतं. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, इकडे रविवारी. तिकडच्या ईदच्या सुट्ट्या लांब, इकडच्या पूजेच्या लांब. दोन्हीकडच्या सुट्ट्या कुणी एका कागदावर आणल्याच नव्हत्या. नाशिकहून बनगावला यायला चार दिवस लागतात. म्हणजे माल भरणाऱ्याने चार दिवस पुढचं बघायला हवं. तो बघणार कशात? त्याच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर असतं.

तिथून पुढे दोन तक्ते झाले. एक मंडळाचा, एक सीमेचा. इकडून सपनबाबू सुट्ट्या कळवायचे. पलीकडे बेनापोलला माल उतरवून घेणारे जाहिदभाई फोनवर तिकडच्या सांगायचे. रकाने दोनच, 'इकडे' आणि 'तिकडे'. खाली ठळक अक्षरांत 'दोन्हीकडे चालू'. तुम्ही करायचात, मी तपासायचे, सपनबाबू नाशिकपर्यंत सगळ्यांना फोनवर पाठवायचे.

आपले वाद याच काळातले. पुष्कळ झाले, आणि एकाचाही निकाल लागला नाही. मी म्हणायचे, या कागदाने काय होणार? आपला ट्रक तिकडच्या आवारात जाऊन रिकामा होतो, माल त्यांच्या ट्रकात चढतो. एकच पेटी दोनदा चढते, दोनदा उतरते. हे थांबवायचं तर दोन सरकारांचा एकमेकांवर भरवसा हवा. तो नसेल तर शिडीच्या पहिल्या पायरीवरच आपण पाय घासत राहणार.

"पहिल्या पायरीच्याही खाली एक पायरी असते गं," तुम्ही म्हणायचात. "शेजाऱ्याची सुट्टी माहीत असणं."

"आणि ट्रक सरळ का जाऊ देत नाहीत? सगळ्यांचाच फायदा आहे त्यात."

"सगळ्यांचा कुठला? थांबण्यावर जगणारी माणसं मोज की एकदा. मोजायची हौस आहे ना तुला? ट्रक उभे करायला जागा देणारा, माल उतरवणारा, चढवणारा, चहावाला, आपले सपनबाबू. यांना उद्या काय सांगशील? देशाचा फायदा झाला, तुम्ही घरी जा?"

मग मी विषय मोठ्या देशावर न्यायचे. आपण मोठे आहोत तर आपणच आधी दार उघडायला हवं, असं तुमचं मत. मोठ्याने आधी दार उघडलं की धाकट्याला ती दांडगाई वाटते, असं माझं. तेव्हा तुम्ही तुमच्या इमारतीच्या पंपाचा विषय काढायचात. तळमजल्याच्या मालकाचे दोन फ्लॅट एकत्र केलेले, बाकी सगळ्यांचा एकेक. पाणी कधी सोडायचं यावर अकरा बैठका झाल्या. तो म्हणायचा, मी जास्त देतो, वेळ माझी. बाकीचे म्हणायचे, म्हणूनच नको. "बघ," तुम्ही म्हणायचात, "हा आपला दक्षिण आशिया. आणि पंप गंजतोय."

पंप गेल्या वर्षी बदलला. बैठकीत ठरवून नाही, जळला म्हणून.

तुम्ही दोन्ही देशांच्या संबंधित कार्यालयांना पत्रंही लिहिलीत, सामायिक कामाचे दिवस ठरवावेत म्हणून. दोन्हीकडून उत्तरं आली. इकडच्यांनी कळवलं की सूचना चांगली आहे, पण बाब तिकडची आहे. तिकडच्यांनी कळवलं की सूचना चांगली आहे, पण बाब इकडची आहे. तुम्ही ती दोन्ही पत्रं मला शेजारी ठेवून दाखवलीत आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. मी हसले नाही. मला अशा गोष्टींचं हसू येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

आता चार वर्षांपूर्वीचं सांगते. त्या वर्षी चौदा एप्रिल गुरुवारी येत होता, पंधरा शुक्रवारी. तक्ता तुम्ही मार्चमध्ये केलात. पहिल्या बैशाखाच्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं, इकडे पंधरा, तिकडे चौदा. मी तपासायला बसले. माझ्यासमोर पुण्याहून आलेलं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. त्यात पंधराला बंगाली नववर्ष छापलं होतं. इथल्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत पंधराच होती. दोन स्वतंत्र साधनं एकच तारीख सांगत होती. आणि एकाच सणाला दोन तारखा, ही माझ्या शाखेत टंकनाची चूक धरतात. तुमच्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू पिकलेला. मला वाटलं, बोट चुकलं. मी 'तिकडे'च्या रकान्यात चौदाचे पंधरा केले आणि चौदाला 'दोन्हीकडे चालू' लिहिलं; आंबेडकर जयंतीची सुट्टी इकडचं फाटक पाळत नाही.

तिकडे बंगाली पंचांग केव्हाच नव्याने बांधून घेतलं आहे आणि पहिला बैशाख कायम चौदालाच येतो, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण आपला श्रावण आणि समोरच्या बिहारी शेजारणीचा श्रावण पंधरा दिवसांच्या फरकाने सुरू होतो, हे मी दरवर्षी बघते. तिचे उपास सुरू होतात तेव्हा माझ्याकडे अजून आषाढ असतो. एका सणाला दोन तारखा असू शकतात, हे माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराला माहीत होतं. मला विचारावंसं वाटलं नाही. एक फोन. तुमचं त्याच दिवशी डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून केला नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. दुसऱ्या दिवशीही करता आला असता. तुम्ही डोळ्यावर पट्टी असताना फाइल न उघडता पुढे पाठवलीत, कारण मी तपासली होती.

द्राक्षांचे तीन ट्रक बुधवारी संध्याकाळी बनगावला पोचले, गुरुवारी पलीकडे जायचे म्हणून. गुरुवारी पलीकडचं फाटक बंद. शुक्रवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. शनिवारी फाटक उघडलं तेव्हा रांग दुप्पट. एप्रिलचं ऊन, साधे ताडपत्रीचे ट्रक. आपण रविवारी जाऊन पाहिलं. फळ्यांमधून रस ठिबकत होता आणि खाली धुळीत त्याचा चिकट काळा डाग पडला होता. माशा नव्हत्या, मधमाश्या होत्या. तुमच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळे तुम्हाला काय दिसलं ते मला कळलं नाही.

तिथेच मला सांगायला हवं होतं.

दहा दिवसांनी बैठक होती. दोन्हीकडच्या एजंटांनी सामायिक तक्त्यावर सह्या करायच्या आणि पुढे सगळ्यांनी तोच पाळायचा, असं ठरलं होतं. सात वर्षांच्या खटपटीनंतर. जाहिदभाई फाटक ओलांडून आले होते. द्राक्षं पाठवणाऱ्याचा माणूस उठला आणि हिंदीत ओरडला, "बंगालमध्ये जन्म गेला आणि पहिला बैशाख कधी ते कळत नाही? अशा तक्त्यावर आम्ही सही करायची?"

तुम्ही उभ्या राहिलात. "चूक माझी," म्हणालात. "वय झालं. क्षमा करा."

मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. तुमचा मूळ तक्ता, ज्यात चौदा होती, माझ्या पर्समध्ये चार घड्या करून ठेवलेला होता. मी तो दाखवायलाच आणला होता. शप्पथ, ताई. माझा हात पर्सपर्यंत गेला आणि मला दिसलं की तिथे पन्नास-साठ पुरुष आहेत आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत. हात परत आला. सह्या झाल्या नाहीत. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं. पुढची बैठक झाली नाही.

परतताना गाडीत तुम्ही पेरू घेतलात, मीठ-तिखट लावून अर्धा मला दिलात आणि आगरतळ्याचं काहीतरी बोलत राहिलात. मी म्हटलं, "ताई, ते चौदाचं..."

"बिया चावू नकोस, दात दुखतो ना तुझा?"

झालं. तुम्ही मला सोडवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. मला तसं कधी वाटलं नाही. मला त्या दिवसापासून तुमचा राग आहे. कुणाची चूक कुणी घ्यावी याचेही काही नियम असतात. ज्याची चूक आहे त्याला विचारून तरी घ्यावी. पुढच्या वर्षी तुम्ही तक्ता पुन्हा पाठवलात, खाली नेहमीचंच, "तपासून पाठव." एक शब्द जास्त नाही. मी प्रत्येक रकाना तीनदा तपासला आणि प्रत्येक वेळी तुमच्यावर चिडले.

पुढे तर तक्त्याचं महत्त्वच कमी झालं. तिकडचं सरकार गेलं. ढाक्याची गाडी बंद झाली. "रद्द नाही गं, रजेवर गेलीय," असं तुम्ही म्हणालात, पण आवाजात जोर नव्हता. तिकडून आपल्या सुताला जमिनीच्या मार्गाने मज्जाव झाला, इकडून त्यांच्या तयार कपड्यांना. व्हिसा आटले. दोन्हीकडची माणसं टीव्हीवर एकमेकांना धडा शिकवायच्या गोष्टी करू लागली. मी तुम्हाला म्हटलं, बघा, मी म्हणत होते, सगळं वरून ठरतं. तुम्ही म्हणालात, "वरून बंद होतं. उघडतं वरून, असं कुणी सांगितलं तुला?" हा वाद राहिला. तुमच्या शेवटच्या आठवड्यातही आपण भांडलोच. तुम्हाला पुढच्या ईदची अंदाजे तारीख तक्त्यात हवी होती. मी म्हटलं, अंदाज लिहिणार नाही, चंद्र दिसल्यावर लिहीन.

"ट्रक चंद्र बघून निघत नाही गं," तुम्ही म्हणालात आणि कूस बदललीत.

मंडळाच्या अंकासाठी हा लेख मागितला तेव्हा वाटलं, इथेच सगळं लिहून टाकावं. लिहिलंही, वर आहे ते. मग लक्षात आलं की मराठीत कबूल करणं फार सोपं आहे. मराठीतली कबुली सीमेपलीकडे काय, बनगावच्या वाटेवरच्या बारासातच्या पुढेसुद्धा जात नाही. तुमचं नाव जिथे खराब झालं तिथे मराठी कुणी वाचत नाही. म्हणून लेख अर्धा ठेवून मंगळवारी सियालदाहहून बनगावची गाडी धरली.

सपनबाबूंचं ऑफिस तेच, पत्र्याचं. दोन खुर्च्या कमी झाल्या आहेत. काम कमी आहे. मी माझ्या मोडक्या बंगालीत, तुम्ही ज्या बंगालीला 'रेल्वे बंगाली' म्हणायचात त्या बंगालीत, सगळं सांगितलं आणि तुमचा मूळ तक्ता टेबलावर उलगडला. घडीवर कागद फाटायला आला आहे. त्यांनी चौदाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"दिदींना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही आज सांगताय."

"हो."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. कपाळ चोळत म्हणाले, "चौदाला पलीकडे बंद असतं हे बनगावात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे."

"मग?"

"मग काय! तक्त्यात चालू लिहिलेलं. मला वाटलं, दिदींनी काही आतली बातमी काढली असेल, या वर्षी काही वेगळं ठरलं असेल. नाशिकवाल्याने मला फोन करून विचारलं होतं, चौदाला नक्की चालू ना? मी म्हटलं, तक्त्यात आहे ना, मग आहे."

"हे तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"दिदी बोलल्या ना. त्या बोलून बसल्यावर मी काय बोलणार?" मग एकदम चिडले. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मीही सांगितलं असतं!"

"तुम्ही सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं."

ताई, तुम्ही वर्गात हेच शिकवायचात ना? जकात आधी कोणी कमी करायची? प्रत्येक जण तयार, फक्त समोरच्याने आधी.

सपनबाबूंनी जाहिदभाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग जाहिदभाई म्हणाले, "आपा, तक्ता आला त्याच दिवशी मी पंधरा बघितली होती. दिदींच्या फोनवर माझ्या आवाजात निरोप पाठवला की चौदा करा. उत्तर आलं नाही. मला काय माहीत, डोळ्यावर पट्टी आहे? पुन्हा फोन करायला हवा होता. नाही केला. बैठकीत मी तिथेच होतो."

म्हणजे आम्ही तिघं. त्या खोलीत तुम्ही उभ्या होतात आणि आम्ही तिघं बसलो होतो.

आमच्या शाखेत छापील आकडा चुकला तर शुद्धिपत्र काढतात. मी म्हटलं, आपण शुद्धिपत्र काढू, बंगालीत आणि हिंदीत. तक्ता जिथे जिथे गेला होता तिथे तिथे पाठवू, आणि इथे दारावर चिकटवू. सपनबाबूंनी लिहायला घेतलं. चौदा एप्रिलची तारीख कुमुददिदींनी बरोबर लिहिली होती. ती मीनलने न विचारता बदलली. सपनने माहीत असून विचारलं नाही. तिसरी ओळ लिहिताना ते थांबले.

"जाहिदभाई, तुमचं लिहू ना?"

फोनवर कुणीतरी आजूबाजूला बोलत होतं. ते दूर गेल्यावर जाहिदभाई हळू आवाजात म्हणाले, "आपा, माझी चूक मला कबूल आहे. दिदींसाठी मी कुठेही कबूल करीन. पण इंडियातल्या कागदावर माझं नाव आत्ता नको. इथे कुणी फोटो काढून फिरवला तर? दिवस बरे नाहीत."

"नुसतं जाहिद?"

"बेनापोलच्या या धंद्यात जाहिद म्हटलं की मीच."

"मग काय करू?"

"जागा ठेवा," ते म्हणाले. "ओळ खोडू नका. नाव तेवढं मोकळं ठेवा."

सपनबाबूंनी आधी नाव नसलेली ओळ काढून टाकायचं म्हटलं, बरं दिसत नाही म्हणून. मी नको म्हटलं. शुद्धिपत्र आता त्यांच्या दारावर आहे. पहिली दोन नावं आहेत. तिसऱ्या ओळीत आधी एक मोकळी जागा आहे आणि पुढे लिहिलं आहे, 'यांनी निरोप पाठवला, पण पुन्हा फोन केला नाही.' रस्त्यावरून जाणारे थांबून वाचतात आणि विचारतात, हा कोण? सपनबाबू सांगतात, पलीकडचे एक.

आपल्या वादात यावरून तूच जिंकलीस, असं तुम्ही मला नक्की म्हणाला असतात. मी म्हटलंच होतं की सगळं वरूनच ठरतं, आणि एका माणसाला तीन अक्षरी नावसुद्धा कागदावर टाकता येत नाही. पण मला हे जिंकणं नको आहे, ताई. मला ती जागा भरलेली हवी आहे. सपनबाबू दर पावसाळ्यानंतर दारावरचे कागद बदलतात. शुद्धिपत्राची नवी प्रत त्यांना दरवर्षी मी पाठवीन, आणि ती जागा तेवढीच रुंद ठेवीन, एक पूर्ण नाव मावेल इतकी.